बारा जणी, उपाशीपोटी

अक्काताई मगदूम हॉस्टेलच्या गेटवर अडकली होती. एक पाय आत, एक पाय बाहेर, साडीचा काठ वरच्या टोकदार गजात गुंतलेला आणि काखेत घटनेच्या कायद्याचं जाडजूड पुस्तक. पुस्तक टाकलं असतं तर हात मोकळा झाला असता. पण लायब्ररीत त्याची एकच प्रत होती, आणि अक्काताईने एक वेळ स्वतःला टाकलं असतं, पुस्तक टाकलं नसतं.

"शालन, काठ सोडव की गं," ती वरून कुजबुजली. "पडतो बघ मी. पडतो!"

तिच्या गावाकडे बायकाही 'पडतो', 'येतो' असंच बोलतात. मी आतून टाचा उंचावून काठाला हिसका दिला. काठ काही सुटला नाही. गेट मात्र हादरलं आणि त्याला लावलेलं भलंमोठं पितळी कुलूप असं खडाखडा वाजलं की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. व्हरांड्यातला दिवा लागला.

"कोण आहे तिकडे?" सरनाईक बाईंचा आवाज आला.

"कोण न्हाई, बाई," अक्काताईने वरूनच उत्तर दिलं.

पुढे मी तीस वर्षं वकिली केली, नाना तऱ्हेचे आरोपी पाहिले, पण इतका कुचकामी बचाव पुन्हा कधी ऐकला नाही.

सांगलीतल्या एका लहानशा लॉ कॉलेजचं ते हॉस्टेल. आता कॉलेजही नाही आणि हॉस्टेलही नाही. साल एकोणऐंशी, जानेवारी महिना. आम्ही तेरा मुली होतो. सरनाईक बाई आमच्या रेक्टर, आणि घटनेचा कायदा शिकवायच्या त्याही त्याच. गेटला सातला कुलूप लागायचं आणि लायब्ररी उघडी असायची साडेआठपर्यंत. मुलगे आरामात वाचत बसायचे. आम्ही पावणेसातला पुस्तक अर्ध्यावर मिटून पळत सुटायचो. त्या शुक्रवारी अक्काताईला पळायचं भान राहिलं नाही, एवढाच तिचा गुन्हा. पण संस्थेच्या चेअरमननी व्हरांड्यात पाटी लावली होती: 'गेटवर चढणाऱ्या विद्यार्थिनीस हॉस्टेल सोडावे लागेल.' त्या पाटीत पण-परंतुला जागाच ठेवली नव्हती.

बाईंनी कुलूप काढलं, गेट उघडलं, तशी अक्काताई गेटबरोबर झुलत झुलत आत आली. बाईंनी काठ सोडवला, तिला हात देऊन खाली घेतलं, पुस्तकावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाल्या, "रविवारी सकाळी ट्रंक भर."

खोलीत आल्यावर अक्काताई रडली असती तर बरं झालं असतं. ती साड्यांच्या घड्या घालत बसली.

"आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय," ती म्हणाली. "एक तक्रार आली की वकिली बास. हुपरीचं स्थळ बघूनच ठेवलंय त्यांनी."

"मार्चमध्ये शेवटची परीक्षा आहे. दोन महिने दम धरतील की!"

"आबा?" ती हसली. "आबा दोन मिनिटं दम धरत न्हाईत. बैल हळू चालला तर स्वतः जू धरत्यात."

मीही हसले, आणि मग माझंच तोंड वाकडं झालं. आमच्या तेरा जणींमध्ये खरी वकील ती एकटीच होती. आम्ही बाकीच्या लग्न ठरेपर्यंत शिकत होतो.

शनिवारी पहिला तास बाईंचा. विषय, अमेरिकेच्या घटनेतले मूलभूत हक्क. बाई मिरजेच्या पलीकडे फारशा गेलेल्या नव्हत्या, पण बोलायला लागल्या की वाटायचं, आत्ताच लंडनहून उतरल्या आहेत. गेटचं ते कुलूप दिवसभर त्यांच्या कापडी पिशवीत असायचं, कारण वॉचमनवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तासाला तेच कुलूप टिपणांवर वजन म्हणून ठेवायच्या.

"अमेरिकेचं झाड उंच दिसतं म्हणून माना वर करून बसू नका," बाई म्हणाल्या. "खाली खणा. खाली इंग्लंड लागेल. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वीचं, चिखलाचं. तिथे जॉन नावाचा राजा होता. म्हणजे आपल्याकडचा माजलेला इनामदार समजा."

सुमित्रा इनामदार पहिल्या बाकावर बसायची. तिने मान खाली घातली.

"तुझं नाही म्हणत, सुमित्रा. तर टेम्स नदीच्या काठी, कुरणात, सरदारांनी त्याला गाठला आणि कबूल करून घेतलं. काय? की स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्यांच्या निवाड्याशिवाय, नाहीतर देशाच्या कायद्याशिवाय, पकडायचं नाही, लुबाडायचं नाही, हद्दपार करायचं नाही. ते वाक्य पुढे जहाजात बसून अमेरिकेला गेलं आणि घटनेत जाऊन बसलं. बारा जणांची ज्यूरी तिथलीच."

मग बाईंनी त्या काळच्या आणखी गमती सांगितल्या. गाडीखाली माणूस मेला तर गाडी दोषी ठरायची. बैल मारकुटा निघाला तर बैल दोषी. पण जी वस्तू हलली तीच दोषी. उभ्या गाडीवरून कोणी आपल्या कर्माने पडला तर गाडी सुटायची. दोषी वस्तू राजा जप्त करायचा आणि देवाच्या नावाने देऊन टाकायचा. यावर पुष्पा भोकरे खुदकन हसली आणि तास संपेपर्यंत उभी राहिली.

शेवटी मी हात वर केला.

"बाई, शंका."

"विचार."

"हद्दपार म्हणजे देशातूनच काढणं, की हॉस्टेलमधून काढणंही त्यात येतं?"

मागच्या बाकांवर मुलगे कुजबुजत होते, ते माना पुढे काढून बघायला लागले. बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला म्हणजे कुणाची तरी धडगत नसायची.

"तुला अक्काताईसाठी ज्यूरी पाहिजे."

"हो, बाई. बरोबरीच्यांचा निवाडा. आम्ही बारा जणी आहोत. बरोबर बारा."

"तुम्ही तर तिच्या मैत्रिणी."

"बाई, मागच्या आठवड्यात तुम्हीच सांगितलंत, त्या काळी ज्यूरीत शेजारीपाजारीच असायचे. ज्यांना माहीत आहे तेच."

बाईंनी कुलूप उचललं, टिपणं नीट केली, कुलूप परत ठेवलं.

"दिली," त्या म्हणाल्या. "पण अर्धंमुर्धं घ्यायचं नाही. घ्यायचं तर सगळं. उद्या सकाळी सातला बसायचं. शपथ घ्यायची. बारा जणींचं एकमत झालं पाहिजे. आणि एकमत होईपर्यंत अन्न नाही. खिशात अंजीर सापडलं म्हणून दंड भरलेले ज्यूरीवाले आहेत. पाण्याची परवानगी न्यायाधीश देऊ शकत असे, ती मी देते."

"आणि एकमत नाहीच झालं तर, बाई?" सुमित्राने विचारलं.

"न्यायाधीशाला पुढचं गाव गाठायचं असायचं. तो थांबत नसे. ज्यूरीला गाडीत घालून बरोबर न्यायचा. मी उद्या नऊला नरसोबाच्या वाडीला दर्शनाला निघणार आहे."

सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

रविवारी सातला आम्ही बारा जणी हॉस्टेलच्या वाचनाच्या खोलीत जमलो. सांगलीच्या गणपतीचा अंगारा कपाळाला लावून खरं तेच बोलायची शपथ घेतली. बाकीच्यांनी मला पुढारी केलं, कारण आवाज माझा मोठा होता. मला वाटत होतं, पाच मिनिटांचं काम आहे. रविवारी मेसला शिरा असायचा, आणि तुपावर रवा भाजल्याचा वास खिडकीतून आत यायला लागला होता.

"निर्दोष म्हणणाऱ्यांनी हात वर करा," मी म्हटलं.

अकरा हात वर गेले. सुमित्राने हात मांडीखाली घेतला.

"सुमे, हात!"

"ती गेटवर होती की नव्हती?"

"होती. पण..."

"मग निर्दोष कशी?"

"म्हणजे तुला तिला घालवायचंय?" पुष्पा अंगावर धावून गेली.

सुमित्राचे डोळे भरून आले. "मला तिला घालवायचं नाही. मला खोटंही बोलायचं नाही. मघाशी अंगारा लावून शपथ घेतली ना आपण? मग ती काय गंमत होती?"

तिच्यावर चिडावं तर ती खरं बोलत होती. न चिडावं तर शिरा थंड होत होता. आम्ही तिला समजावलं, दरडावलं, तिच्या पाया पडलो. आठ वाजले. पुष्पा म्हणाली, दोषी म्हणून दया मागू. मी म्हटलं, पाटीवर दया कुठे आहे? साडेआठ झाले. शिरा आमच्यावाचून नुसता वाळत असणार या विचाराने माझा जीव तीळ तीळ तुटत होता. नऊला बाहेर भोंगा वाजला.

दारात ट्रॅक्टर उभा होता आणि मागे उसाची रिकामी ट्रॉली. बाईंच्या भावाचं शिरोळकडे शेत होतं. त्यांचा ड्रायव्हर बापू खोत कारखान्यावर ऊस घालून परत निघाला होता. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, उशी घालून, छत्री उघडून, कापडी पिशवी मांडीवर घेऊन सरनाईक बाई बसल्या होत्या.

"एकमत?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाई," मी म्हटलं.

"मग चढा. अक्काताई, तूही. ट्रंक घे. निकाल विरुद्ध गेला तर वाडीहून तुझ्या गावची एसटी मिळेल."

अक्काताईचं गाव कुरुंदवाडच्या पलीकडे होतं. बाई सगळा विचार करून बसल्या होत्या.

"काय हो बाईसाब, कुणाचं लगीन?" बापूने विचारलं.

"ज्यूरी आहे."

"बरं," बापू म्हणाला, जणू एक दिवसाआड ज्यूरीच वाहत होता. "धरून बसा गं पोरींनो. ऊस पडला तर चालतंय, ज्यूरी पडली तर पंचाईत."

ट्रॉली निघाली. खाली उसाचं पाचट, वर ऊन, आणि दर खड्ड्याला आम्ही बारा जणी मक्याच्या लाह्यांसारख्या उडत होतो. अक्काताई मागच्या फळीला टेकून ट्रंकेवर बसली होती, आमच्याकडे तोंड करून. रस्त्यातले लोक थांबून बघायला लागले. एकाने विचारलं, "कुठल्या पक्षाच्या?" दुसऱ्याने काही न विचारताच हात उंचावून "विजय असो!" म्हटलं. सुमित्राने सवयीने नमस्कार केला आणि आम्हाला हसू फुटलं. उपाशीपोटीचं हसू वाईट. एकदा सुटलं की पोट दुखेपर्यंत थांबत नाही. अक्काताईही हसत होती, ट्रंकेवर बसून.

जयसिंगपूर आलं तसा मला लसणाचा वास आला. मी आजूबाजूला हुंगलं. पुष्पाचे गाल हलत होते.

"पुष्पे, काय खातेस?"

"काई न्हाई," पुष्पा म्हणाली, आणि तिच्या तोंडातून भडंगाचा एक दाणा उडून माझ्या मांडीवर पडला.

तिने पदराच्या गाठीत भडंगाची पुडी बांधून आणली होती. मी काही बोलायच्या आत पुढून छत्री वळली.

"अंजीर सापडलं वाटतं," बाई म्हणाल्या. "जप्त. इकडे द्या."

पुडी हातोहात पुढे गेली आणि बाईंनी ती बापूला दिली. मग शिरोळ येईपर्यंत एका हाताने स्टिअरिंग धरून बापू कुरुमकुरुम भडंग खात होता आणि मधूनच मागे वळून "खमंग हाय!" असं सांगत होता.

शिरोळच्या अलीकडे गुऱ्हाळ लागलं. कढईत रस उकळत होता आणि तो वास आला तशा आम्ही सगळ्या एकदम उजवीकडे झुकलो. ट्रॉली कलंडते की काय असं झालं. बापूने नेमका तिथेच ट्रॅक्टर थांबवला आणि पाणी घालायला खाली उतरला. गुऱ्हाळवाल्या मावशींनी आम्हाला पाहिलं.

"ऊन ऊन काकवी हाय. या की गं, खावा!"

"खाता येत नाही, मावशी," मी म्हटलं. "ज्यूरी आहोत."

"अगंबाई! कधीपास्नं?" मावशींनी कळवळून विचारलं. त्यांना तो काहीतरी आजार वाटला असावा.

पुष्पा माझ्या कानाशी आली. "शालन, दोषी म्हटलं तर लगेच खाता येईल का गं?"

"लाज वाटत नाही?"

"वाटते. पण विचारून ठेवलं."

पलीकडे आणखी दोघी खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांच्या मनातही तेच चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात, अगदी एका घोटापुरतं, तेच येऊन गेलं.

"म्हणा गं दोषी," अक्काताई म्हणाली.

आम्ही तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती आता.

"मी चढलो गेटवर, सगळ्यांनी बघितलंय. सुमी काय खोटं बोलत न्हाई. तुम्ही माझ्यापायी किती उपाशी ऱ्हाणार? खावा काकवी. हुपरी काय वाईट न्हाई. चांदीचं गाव हाय."

तिने साडीच्या त्याच फाटक्या काठाने ट्रंकेवरची धूळ पुसली. मला रडू आलं, आणि नेमकं त्याच वेळी माझ्या पोटातून असा गुडगुड आवाज आला की सगळ्यांनी ऐकला. कुणी हसलं नाही. पुष्पाने गुऱ्हाळाकडे पाठ फिरवली आणि अक्काताईचा हात धरून बसली. बापूने ट्रॅक्टर चालू केला.

पुढचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. दर खड्ड्याला बाईंच्या मांडीवरची पिशवी उडायची आणि आत काहीतरी ठणकन वाजायचं. ठण. पुन्हा ठण.

"काय वाजतंय ते?" सुमित्राने विचारलं.

"कुलूप. गेटचं."

"परवा हेच वाजलं ना?"

"हेच वाजलं म्हणून तर बाई बाहेर आल्या. नाहीतर काठ सोडवून केव्हाच आत घेतली असती हिला."

ठण.

सुमित्राने माझा दंड पकडला. तिची नखं रुतली. "शालन, कुलूप हललं होतं."

"मग?"

"काल बाई काय म्हणाल्या? जी वस्तू हलली ती!"

क्षणभर मला काही कळलं नाही. मग असं कळलं की मी ट्रॉलीत उभीच राहिले, आणि पुढच्या खड्ड्याला धाडकन खाली बसले. बारा डोकी एकत्र आली.

"कुलूप नसतं तर ती गेट उघडून आत आली असती!"

"चढलीच नसती!"

"पण गेटही हललं होतं," कुणीतरी म्हणालं. "मग गेट दोषी."

"गेट शालनने हलवलं."

"म्हणजे मी दोषी?"

"तू वस्तू आहेस का?"

"वजन बघितलं तर..."

"गप्प बसा!" सुमित्रा ओरडली. एवढ्या मोठ्याने बोललेली मी तिला कधी ऐकली नव्हती. "गेट भिंतीत चिणलेलं आहे, संस्थेचं आहे, उपटून आणता येत नाही. कुलूप इथे हजर आहे. हजर आरोपीवर खटला चालवा. अक्काताई गेटवर होती हे खरं. तिला कुलपाने तिथे चढवलं हेही खरं. यात खोटं काय आहे? दोषी, कुलूप! मी अंगारा लावून सांगते!"

"हात वर करा," मी म्हटलं.

बारा हात वर गेले. तेवढ्यात मोठा खड्डा आला आणि धरायला कुणाचाच हात मोकळा नसल्याने सबंध ज्यूरी एकमेकींच्या अंगावर कोसळली. खालून पुष्पा ओरडत होती, "एकमत! बाई, एकमत!"

"चालत्या गाडीत निकाल ऐकत नाही," छत्रीमागून आवाज आला.

वाडीला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाईंनी आधी पादुकांचं दर्शन घेतलं, आम्हाला घ्यायला लावलं, आणि मग घाटाच्या पायरीवर बसल्या. समोर कृष्णा आणि पंचगंगा मिळतात ते पाणी संथ पसरलं होतं. आम्ही बारा जणी खालच्या पायरीवर ओळीने उभ्या राहिलो. केसांत पाचट, साड्यांना ग्रीस. अक्काताई बाजूला, ट्रंकेशेजारी.

"निकाल?"

मी घसा खाकरला. "आरोपी अक्काताई निर्दोष. दोषी, गेटचं पितळी कुलूप. ते लायब्ररी बंद व्हायच्या आधीच लागलं, त्याने तिला वर चढायला लावलं, आणि नंतर हलून, वाजून, तिला पकडूनही दिलं."

बाईंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यांनी पिशवीतून कुलूप काढलं आणि स्वतःसमोर पायरीवर ठेवलं. मग चष्मा काढला.

"माणूस मेला तरच वस्तूवर खटला चालायचा. इथे मेलं कोण?"

याचा विचारच आम्ही केला नव्हता. मी सुमित्राकडे बघितलं, सुमित्राने पुष्पाकडे. सगळं मुसळ केरात चाललं होतं. उजवीकडे एसटी स्टँडवर कंडक्टर कुरुंदवाडची आरोळी देत होता.

"बाई, मी बोलू?" अक्काताई पुढे आली. ती अशी ताठ उभी राहिली जणू समोर खरंच कोर्ट आहे. "अजून कोण मेलं न्हाई. पण आज मी त्या एसटीत बसलो, की एक वकील मेला."

बाई पाण्याकडे बघत राहिल्या. त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला.

"शिक्षा काय म्हणता?" त्यांनी मला विचारलं.

"पाटीवर आहे तीच, बाई. दोषीने हॉस्टेल सोडावं."

"आणि देवाला द्यावं," सुमित्रा म्हणाली.

बाईंनी कुलूप उचलून अक्काताईच्या हातात दिलं. वर किल्लीही ठेवली. "दे."

अक्काताईने पदर खोचला, एक पाय मागे घेतला आणि कुलूप किल्लीसकट असं भिरकावलं की ते पार मधल्या धारेत जाऊन पडलं. डुबुक.

"ओ ताई!" पाण्यातला एक माणूस ओरडला. "डोस्क्यात पडलं असतं म्हंजे?"

"दुसरा खटला!" आम्ही बारा जणी एका सुरात ओरडलो, आणि मग जे हसायला लागलो ते एकमेकींच्या गळ्यात पडून, पायऱ्यांवर बसून, अक्काताईला गदागदा हलवून. दर्शनाला आलेली माणसं लांबून जायला लागली.

"पण बाई, चेअरमन विचारतील," मला एकदम आठवलं.

"विचारू देत. गुन्हेगार सापडला, त्याला हॉस्टेलमधून कायमचं काढलं, असं कळवीन. त्यात एक शब्द खोटा असला तर सुमित्राला विचारा." बाई उठल्या, साडी झटकली. "आता चला. मलाही भूक लागली आहे. मी काय खाऊन आले असं वाटलं की काय तुम्हाला?"

वाडीला पुजाऱ्यांच्या घरी जेवणाची सोय होते, पण आदल्या दिवशी सांगावा धाडावा लागतो. त्याशिवाय पान मिळत नाही. मला ते माहीत होतं, म्हणून मी मनात म्हणत होते की आता पेढ्यांवर भागवायचं. बाई मात्र एका गल्लीत वळल्या आणि एका ओसरीवर सरळ चढल्या.

"या, बाई," आतून पुजारी काका पंच्याला हात पुसत आले. "उशीर केलात. कालच्या सांगाव्याप्रमाणे पंधरा पानं मांडून केव्हाची तयार आहेत. बासुंदी गार होऊन बसली."

सगळ्या आत घुसल्या. मी उंबऱ्यातच थांबले आणि पानं मोजली. आम्ही बारा. बाई तेरा. बापू चौदा. पंधरावं पान भिंतीकडेला होतं, त्यापुढे पाट, पाटाभोवती रांगोळी. काल सांगावा गेला तेव्हा आम्ही अजून शपथही घेतली नव्हती. अक्काताईची ट्रंक अजून भरून व्हायची होती.

"बाई," मी म्हटलं, "काल कसा काय सांगावा धाडलात?"

"बासुंदी आटवायला वेळ लागतो," बाई म्हणाल्या, आणि हात धुवायला परसात गेल्या.

अक्काताई त्या पंधराव्या पानासमोर बसली होती. तिलाही आकडा कळला होता. ती पानाकडे बघत होती, वाढलेल्या बासुंदीकडे बघत होती, आणि आता, शुक्रवारपासून पहिल्यांदा, तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं. पंक्तीत सगळ्यांचे हात थांबले. पुष्पाचासुद्धा.

बाई हात पुसत आल्या, तिच्या शेजारच्या पाटावर बसल्या आणि तिची वाटी तिच्या हाताजवळ सरकवली.

"जेव," त्या म्हणाल्या. "या निकालावर अपील नाही."